सेकंदाला दोन सेंटिमीटर

मॉडेल रेल्वेच्या छंदात नव्याने पडलेल्या माणसाला पहिल्यांदा हवं असतं ते सगळ्यात मोठं इंजिन. त्याला दोष देता येत नाही. युनियन पॅसिफिकचं ‘बिग बॉय’ हे वाफेचं इंजिन टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, १३२ फुटांहून लांब. अशी फक्त २५ बांधली गेली, १९४१ पासून. एचओ मापात, म्हणजे १:८७ या प्रमाणात, ते साधारण ४६ सेंटिमीटर भरतं. माझ्या एका मित्राने ते अमेरिकेहून मागवलं, जेवणाच्या टेबलावर गोल रूळ मांडले, आणि आम्ही चहाचे कप घेऊन भोवती उभे राहिलो. वळणावर बॉयलरचं नाक रूळ सोडून इतकं बाहेर जायचं की टेबलाच्या कडेचा स्टीलचा डबा हलवावा लागला. पाच मिनिटांत सगळे सोफ्यावर जाऊन क्रिकेट बघायला लागले. इंजिन बिचारं फिरत होतं.

माझा पंथ वेगळा. मला शंटिंगची इंजिनं आवडतात. ठेंगणी, पुढे लांबट नाक, मागे डोळे ताणून बघणारी केबिन, दोन्ही टोकांना माणसाला उभं राहायला पायरी. यांना नाव नसतं, वेळापत्रक नसतं, प्रवासी नसतात. यार्डातल्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ओढायच्या, ढकलायच्या, सोडायच्या, पुन्हा उचलायच्या. दिवसभर राबून संध्याकाळी ते जिथल्या तिथेच असतं.

पुण्यातल्या दोन बेडरूमच्या घरात हा पंथ परवडतो, हे एक कारण झालंच. पण खरं कारण गणितात आहे, आणि ते मला फार उशिरा उमगलं. समजा, एखादी एक्स्प्रेस ताशी १०० किलोमीटरने धावते आहे. एचओ मापात तो वेग सेकंदाला ३२ सेंटिमीटर होतो. ज्यावर मी रूळ मांडलेत ते माझं फळकूट सहा फुटांचं. म्हणजे एक्स्प्रेस या टोकाला दिसली की सहा सेकंदांच्या आत त्या टोकावरून जमिनीवर. आता शंटिंग घ्या. अमेरिकेतल्या यार्डांत डब्याला डबा जोडताना वेग ताशी ४ मैलांच्या आत ठेवायचा असा दंडक. हे ८७ ने भागलं की सेकंदाला जेमतेम दोन सेंटिमीटर. तेच फळकूट ओलांडायला दीड मिनिट लागतं. भिंती सरकवायला बिल्डर नको, महापालिकेची परवानगी नको. वेग कमी केला की जागा वाढते. बायको स्वयंपाकघरातून विचारते, “अजून तिथेच आहे का हो?” मी म्हणतो, “हो, तिथेच.” तिला वाटतं बिघडलंय.

माझ्याकडचं लाडकं इंजिन अल्को या अमेरिकी कंपनीचं एस-२ हे डिझेल शंटर. खरं एस-२ न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टेडीला १९४० ते १९५० या काळात बांधलं गेलं, थोडीथोडकी नाही, दीड हजार. १,००० अश्वशक्ती, एका ओळीत सहा सिलिंडर, टर्बोचार्जर. त्याचा धाकटा भाऊ एस-१ तसाच, पण टर्बोविना ६६० अश्वशक्तीचा. दोघांच्या बोगी, म्हणजे चाकं बसवलेले खालचे सांगाडे, एका खास घडणीच्या, ब्लंट नावाच्या, आणि पुढच्या एस-३, एस-४ ला त्या नाहीत. हे एकदा कळलं की जुने फोटो बघताना नजर आधी चाकांकडे जाते आणि मग इलाज नसतो. अल्कोशी आपलंही नातं आहे. वाराणसीच्या कारखान्याने ज्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाच्या हजारो प्रती काढल्या, तो आराखडा अल्कोचा. आणि आपल्या स्टेशनांत डबे इकडून तिकडे नेणारं डब्ल्यूडीएस-६ आठवून बघा. त्याच्याही पोटात अल्कोच्याच घराण्याचं सहा सिलिंडरचं इंजिन. ते उभं असताना जो थबकत-थबकत आवाज करतं, त्या आवाजावर मी वाढलोय. त्यामुळे स्केनेक्टेडीचं इंजिन मला परकं वाटलंच नाही.

डिझेल इंजिनाने रेल्वेत पाऊल टाकलं तेही शंटिंगच्याच दाराने. न्यूयॉर्क शहरात धुराचा इतका वैताग झाला होता की १९२३ साली कायदा करून शहरातल्या वाफेच्या इंजिनांवर बंदी आणायचं ठरलं. त्यातून १९२५ मध्ये जर्सी सेंट्रल रेल्वेने घेतलेलं क्रमांक १००० हे ३०० अश्वशक्तीचं खोक्यासारखं इंजिन ब्रॉंक्समध्ये कामाला लागलं. व्यापारी कामात खऱ्या अर्थाने यशस्वी ठरलेलं हे पहिलं डिझेल-इलेक्ट्रिक. त्याचं यार्ड बघण्यासारखं: नदीकाठी, त्याच रेल्वेच्या बाकी रुळांशी जमिनीवरून जोडच नाही, वाघिणी यायच्या त्या बार्जवर, म्हणजे सपाट तराफ्यासारख्या बोटीवर, चढून, आणि मध्ये एक गोल मालधक्का. इतक्याशा जागेत ते १९५७ पर्यंत राबलं. आज बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात आहे. कायदा असूनही पलीकडे ब्रुकलिनच्या धक्क्यांवर ईस्टर्न डिस्ट्रिक्ट टर्मिनलची बुटकी वाफेची इंजिनं १९६३ पर्यंत तग धरून होती. त्यांतलंच एक निळा रंग आणि हसरा चेहरा लावून पेनसिल्व्हेनियातल्या स्ट्रासबर्गला लहान मुलांना फिरवतं. म्हातारपणी इतकं प्रेम फार थोड्या शंटरांच्या वाट्याला येतं.

आणखी एक किस्सा सांगायलाच हवा, कारण एखाद्या यंत्राचा आकार कोण ठरवतं याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. जनरल इलेक्ट्रिकने १९४० ते १९५६ मध्ये ४४ टनी इंजिन बनवलं: मधोमध केबिन, दोन बाजूंना दोन नाकं, प्रत्येकात बहुधा कॅटरपिलर कंपनीचं एक डिझेल. ४४ च का? अमेरिकेत १९३७ च्या करारानुसार ९०,००० पौंड किंवा त्याहून जड इंजिनावर ड्रायव्हरसोबत फायरमन ठेवणं भाग होतं, मग त्यात कोळसा असो वा नसो. ४४ अमेरिकी टन म्हणजे ८८,००० पौंड. एका माणसाचा पगार वाचवण्यासाठी कागदावर काढलेलं इंजिन! कामगार संघटनेच्या बाजूने बघितलं तर ही पळवाटच. मॉडेलमध्ये मात्र ते असं गोजिरं दिसतं की बघणाऱ्याला हा सगळा करार-बिरार सुचत नाही. मलाही कपाटातून काढताना सुचत नाही, हे खरं.

आता खेळाकडे येतो. ब्रिटनमध्ये ॲलन राइट नावाच्या गृहस्थांनी ‘इंगलनुक साइडिंग्ज’ ही रचना लोकप्रिय केली. साइडिंगचे तीन रूळ. एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांवर तीन-तीन. पुढे जो ओढून घ्यायचा रूळ, त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी, त्याहून एक इंच जास्त नाही. वाघिणी एकूण आठ. आठ चिठ्ठ्या करायच्या, पाच उचलायच्या, आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या आल्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब रुळावर लावायची. संपलं. ६,७२० वेगवेगळ्या गाड्या होऊ शकतात आणि प्रत्येक सुटतेच. सोसायटीच्या पार्किंगमधून भिंतीकडची गाडी बाहेर काढण्यासाठी ज्याने पुढच्या दोन हलवल्या आहेत, आणि त्या दोन ठेवायला जागा शोधताना आणखी एक हलवली आहे, त्याला नियम समजावून सांगावे लागत नाहीत. फरक इतकाच की इथे तिसऱ्या मजल्यावरचे काका झोपलेले नसतात.

सुरुवातीला हात शिवशिवतो. पहिली वाघीण हवी, ती तर समोरच आहे, ओढ. दोन चालींनंतर कळतं की ती जिथे टाकली तिथेच पाचवीची वाट अडली. मग हळूहळू सवय लागते: इंजिन थांबवायचं, हात मागे बांधायचे आणि नुसतं बघायचं. नको असलेली वाघीण आधी हलवावी, की हवी असलेली दोन वाघिणींच्या मध्ये तात्पुरती लपवावी? माझी बायको रोज सुडोकू सोडवते. एकदा पाहुणे यायची वाट बघताना ती फळकुटापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “ते तपकिरी तिकडे कशाला नेताय? मधल्यावर ठेवा ना.” बरोबर होतं तिचं. तेव्हापासून चिठ्ठ्या ती काढते, आणि मुद्दाम अवघड काढते असा माझा संशय आहे.

कॅलिफोर्नियात मॉन्टेरीला जॉन ॲलन नावाचा फोटोग्राफर राहायचा. त्याची ‘गोर अँड डॅफेटिड’ ही तळघरातली रेल्वे छंदाच्या जगात दंतकथा झाली. जरा घाईने उच्चारली की इंग्रजीत ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असं ऐकू येईल अशा बेताने ठेवलेलं नाव. त्याच्या यार्डात शंटिंगला एम्मा होती. एम्मा म्हणजे स्टेगोसॉरस, डायनोसॉर! क्रमांक १३. इतकी वर्षं खपून अचूक डोंगर, अचूक पूल, अचूक सावल्या उभारणाऱ्या माणसाने मधोमध डायनोसॉर जुंपावा, याचं मला मनापासून कौतुक आहे. १९७३ च्या जानेवारीत तो गेला आणि थोड्याच दिवसांत आगीत ती रेल्वेही गेली. जाण्याआधी त्याने ‘टाइमसेव्हर’ नावाचा शंटिंगचा खेळ आखून ठेवला होता. तोही लहानशा फळीवरचाच, पण घड्याळ लावून, कोण लवकर संपवतो अशी चुरस. मला तो पटत नाही. माणूस मोठा होता, म्हणून हे जरा चोरून लिहितोय. पण शंटिंगमध्ये स्टॉपवॉच आणलं की सेकंदाला दोन सेंटिमीटर हा सगळा डाव मोडतो. वाघिणी धाडधाड आदळायला लागतात, आणि मग तो यार्ड राहत नाही, कॅरम होतो.

हळू चालवणं ऐकायला सोपं वाटतं. जोरात पळणारं मॉडेल कुणीही बनवतो. रांगणारं बनवायला मोटर चांगली लागते, वेग खूप खाली आणणारे गिअर लागतात, आत पितळी फ्लायव्हील लागतं, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक चाकाने रुळातून वीज उचलायला हवी. छोट्या इंजिनाची पंचाईत इथेच. लांब इंजिनाची चार चाकं धुळीवर असली तरी आठ दुसरी कुठेतरी स्वच्छ रुळावर असतात. ठेंगण्याला ती चैन नाही. सांध्यात, म्हणजे एका रुळाच्या दोन वाटा होतात त्या जागी, जिथे रुळाला रूळ छेदतो, त्या तुकड्याला फ्रॉग म्हणतात. बऱ्याच तयार सांध्यांत तो प्लास्टिकचा असतो, म्हणजे विजेच्या दृष्टीने मेलेला. वेगात जाणारं इंजिन त्यावरून घरंगळून जातं. रांगणारं नेमकं तिथेच थांबतं. मग जिवंत फ्रॉगचे सांधे बसवा, इंजिनाच्या पोटातल्या हुकूम घेणाऱ्या चिपला, म्हणजे डीकोडरला, कपॅसिटर जोडा, म्हणजे वीज क्षणभर तुटली तरी इंजिन साठवणीवर पुढे सरकेल. हे सगळं करूनही पुण्याची धूळ आहेच. मेट्रोचं काम आमच्या रस्त्यावर होतं त्या काळात सकाळी पुसलेले रूळ रात्री काळे. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुन्या सुती बनियनचा तुकडा, आणि बोटाने रूळ दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, रुळांच्या जोडावर केसभर पायरी तयार होते. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. कानसीने ती घासायची.

डबे सोडवण्याचं एक वेगळंच शास्त्र आहे. केडी नावाची अमेरिकी कंपनी, कीथ आणि डेल या जुळ्या भावांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली. तिचे कपलर, म्हणजे डब्याला डबा अडकवणारे आकडे, रुळाखालच्या चुंबकावर उभे राहिले की आपोआप उघडतात, आणि तसेच उघडे ठेवून वाघीण पुढे हव्या त्या जागी ढकलून सोडता येते. जादूच. पण चुंबक जिथे पुरला असेल तिथेच ती चालते. म्हणून बरेच लोक, मीही, कबाबची बांबूची काडी वापरतो: टोक कपलरच्या जबड्यात घालून किंचित फिरवायचं. रुळांवरून हातानेच डबा उचलून ठेवणाऱ्यांसाठी या छंदात एक टोमणा आहे. वाफेच्या इंजिनांची वर्गवारी चाकांवरून होते, ०-६-०, २-८-२ अशी. हाताचं इंजिन ०-५-०. पाच बोटं. माझ्याकडे ०-५-० ला कडक बंदी आहे, पाहुण्यांची नातवंडं सोडून.

माझ्या फळकुटावर ब्रुकलिनच्या काठचा एक कल्पित मालधक्का आहे. तिथे मी कधी गेलेलो नाही. बार्जवरून वाघिणी आणण्याची रीत मात्र मला फार भावली, आणि गंमत म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरात, न्यूजर्सी ते ब्रुकलिन, ती आजही चालू आहे. बार्जवर समांतर रूळ. एका बाजूच्या सगळ्या वाघिणी एकदम ओढल्या तर बार्ज कलंडणार, म्हणून थोड्या इकडच्या, थोड्या तिकडच्या. काठ आणि बार्ज यांना जोडणाऱ्या पुलावर इंजिनाचं वजन येऊ नये म्हणून मध्ये रिकामे सपाट डबे जोडायचे आणि त्यांच्या हाताने ओढायचं. चारच वाघिणी उतरवायला माझी अख्खी संध्याकाळ जाते. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड आहे: कुठून आली, कुठे जायची, परत काय भरून न्यायची. साखर, कागदाचे रोल, वाण्याच्या गोदामाचा माल. कार्ड बघून काम करायचं म्हटलं की वाघिणी नुसत्या सुंदर राहत नाहीत, त्यांना कुठेतरी असायचं कारण मिळतं.

जोडल्यावर मी लगेच निघत नाही. खऱ्या यार्डात कोणीतरी चालत जाऊन नळी जोडतो, हातब्रेक सोडतो, लांब होऊन खूण करतो. तेवढा वेळ द्यायचा. हा माणूस माझ्या फळकुटावर दीड-दोन सेंटिमीटर उंचीचा आहे, पत्र्याची टोपी, हातात कंदील. त्याच्याकडे जास्त वेळ बघितलं की छंदाची गंमत जरा अवघड होते. अमेरिकेत जुन्या काळी दोन डब्यांच्या मध्ये शिरून कडीत खिळा घालावा लागे. बोटं तुटलेला माणूस म्हणजे अनुभवी ब्रेकमन असा हिशेब होता. १८९३ च्या कायद्याने आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे झाले. आपल्याकडे स्क्रू कपलिंगच्या डब्यांसाठी सांधेवाला किंवा शंटर दोन बफरांच्या मध्ये वाकून उभा राहायचा, इंजिन हळू मागे येतंय, पाऊस पडतोय, आणि ड्रायव्हरला तो दिसत नाहीय. ‘लूज शंटिंग करू नये’ अशी पाटी काही डब्यांवर रंगवलेली दिसते. ती डब्याच्या भल्यासाठी. मध्ये वाकलेल्या माणसाकडे फक्त शिट्टी आणि हिरवा-लाल कंदील.

हे मी बघितलंय मिरजेला. माझं आजोळ तिथलं. मिरज जंक्शनला तेव्हा तिन्ही गेज, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची तिन्ही मापं, होते: पुण्याकडून ब्रॉडगेज, दक्षिणेकडे मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज, म्हणजे १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या वारशातली. एका गेजची वाघीण दुसऱ्यावर जाणार नाही, म्हणून माल हमालांच्या पाठीवरून इकडून तिकडे. मामा मला पुलावर उभा करायचा आणि स्वतः तंबाखू मळत राहायचा. लांबच्या गाड्या यायच्या, जायच्या. त्या मला आठवत नाहीत. आठवतं ते काळं, वाफ गळणारं इंजिन, जे दुपारभर त्याच चार वाघिणी पुढे-मागे करत होतं. मामा म्हणायचा, “हे बघ, ह्याला काय सुट्टी न्हाई.” लांब पल्ल्याला नको झालेली इंजिनं उतारवयात शंटिंगला लावायची पद्धत होती. मुंबईकडेही तेच. घाटात मालगाड्या ओढणारा, चाकांच्या दांड्या हलवत चालणारा विजेचा ‘खेकडा’, १९२८ सालचा, अखेरीला यार्डात डबे ढकलत होता.

मग मिरज का नाही करत, असं मला विचारतात. आधी गेजचा घोळ बघा. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. १:८७ ने भागलं की सव्वाएकोणीस. बाजारात मिळणारा एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या गेजसाठी. त्यावर आपलं इंजिन ठेवलं की ते अरुंद पायांवर उभं राहिल्यासारखं दिसतं. बहुतेक जण ते चालवून घेतात. कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात रमलेल्या पोरांना याचं काही पडलेलं नसतं, आणि नसावंच. मला मात्र पडतं. पण मिरजेचे बाकीचे दोन गेज बघा! मीटरगेजला ८७ ने भागलं की साडेअकरा, आणि १२ मिलिमीटरचा रूळ युरोपात तयार मिळतो. नॅरोगेज ७६२ मिलिमीटर, भागाकार पावणेनऊ. एन या एचओहून लहान मॉडेल मापाचा ९ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ बिनचूक बसतो. म्हणजे तिन्हींपैकी ज्याची सगळ्यात जास्त अडचण, तो आपला सगळ्यात मोठा गेज.

ब्रॉडगेजसाठी डोक्यात डब्ल्यूडीएस-४ आहे. चित्तरंजनला बनलेलं तीन आसांचं डिझेल-हायड्रॉलिक, चाकांना बाहेरून दांड्या, चालताना कोपर हलवत जातं. जर्मनीच्या व्ही ६० ची ठेवण त्याच्या बरीच जवळ आहे आणि त्याचं एचओ मॉडेल सहज मिळतं. खालचं अंग ते घ्यायचं, वरचं पत्र्याचं किंवा थ्री-डी प्रिंट. आस लांबवून चाकं सव्वाएकोणीसवर नेता येतील का, यावर एका लेथवाल्याशी बोलणं चाललंय. तो म्हणतो होईल, पण दांड्या वाकतील. मी म्हणतो, वॉशर घालू. त्याने अजून हो म्हटलेलं नाही. दरम्यान ९ मिलिमीटरचा रूळ मागवून ठेवला आहे, आणि ब्रुकलिनच्या बार्जच्या मागे जी चार इंच पट्टी रिकामी होती ती आता मिरजेच्या नावावर केली आहे.